स्टिअरिंगचा स्क्रू

स्टिअरिंगचा स्क्रू टर्नरने सातव्यांदा आवळून पाहिला. तो हलायचं नाव घेत नव्हता. घेणार कसा? त्यावर न सुटणाऱ्या लाल गोंदाचा थेंब सोडला होता. तरी हात पुन्हा पुन्हा तिथेच जात होता.

"आता त्याची मान पिळाल," बायको म्हणाली. "चार महिने झाले, सुट्टीच्या दिवशी तुमचं तोंड दिसत नाही. खेळणं आहे की माझी सवत?"

टर्नर कसनुसं हसला. खेळणं म्हणण्याजोगी ती गाडी नव्हतीच. रिमोटवर चालणारा मॉन्स्टर ट्रक, लांबीला दीड हात, वजनाला पंधरा किलो. सांगाडा त्याने ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्यातून कापला होता. दोन्ही ॲक्सल तो टर्नर म्हणून कामाला होता त्या कारखान्यातल्या लेथवर जेवणाच्या सुट्टीत काढले होते, तेही साहेबांना विचारून. स्प्रिंगा तीनदा बदलल्या होत्या. इंजिन गवत कापायच्या यंत्रातलं. आणि चाकं अशी दांडगी, की पायरी समोर आली तर गाडी वळसा न घालता सरळ चढायची.

आणि ती त्याच्या स्वतःसाठी नव्हती. घड्याळवाल्यासाठी होती.

घड्याळवाला त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. सोळा वर्षांपूर्वी दोघंही असे ट्रक बांधायचे आणि शर्यतीत उतरवायचे. घड्याळवाला पहिला यायचा, टर्नर दुसरा. दर वेळी. त्या शेवटच्या शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी घड्याळवाला चहा आणायला आत गेला, तेवढ्यात टर्नरने त्याच्या ट्रकच्या स्टिअरिंगचा स्क्रू दोन वेढे सैल केला. एकदा तरी गाडी हरावी, एवढंच मनात होतं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या फेरीत वळणावर धुळीचा लोट उठला आणि त्यातून किंकाळी आली. बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीशी उभ्या असलेल्या वहिनींच्या गुडघ्यावर ट्रक आदळला होता. त्यांच्याच नवऱ्याचा ट्रक. गुडघ्याची वाटी फुटली. तेव्हापासून वहिनी लंगडतात.

"माझाच हात चुकला," घड्याळवाला म्हणत राहिला. ट्रक त्याने भंगारात दिला आणि पुन्हा रिमोट हातात धरला नाही.

टर्नरने सोळा वर्षं तोंड उघडलं नाही. वहिनी जिना चढताना दिसल्या की तो धावत जाऊन त्यांच्या हातातली पिशवी घ्यायचा. उलट त्याच त्याला म्हणायच्या, "भावजी, तुम्ही कशाला एवढं मनाला लावून घेता? तुमचा काय संबंध?" मग त्यांच्या हातचं जेवण तो ताटात तसंच सोडून उठायचा.

यंदा घड्याळवाल्याने दुकान बंद केलं. घड्याळं दुरुस्तीला आणतंय कोण आता? लेक शिकायला परगावी गेली. तो दिवसभर खिडकीत बसून बोटं मोडायचा. ते पाहून टर्नरने ठरवलं, त्याला ट्रक बांधून द्यायचा आणि सगळं सांगून मोकळं व्हायचं.

रविवारी सकाळी तो गाडी चादरीत गुंडाळून घेऊन गेला. दार वहिनींनी उघडलं. चादर सरकली तसा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे कशाला आणलंत, भावजी?"

"त्याच्यासाठी केलंय, वहिनी. मला तुम्हाला..."

"परत न्या. यांनी बघायच्या आत न्या."

पण घड्याळवाला तोवर आतून आला होता. तो खाली बसला आणि ॲक्सलवरून अंगठा फिरवला.

"तू काढलास?"

"हो."

"लेका, परदेशी घड्याळातसुद्धा एवढं साफ काम बघितलं नाही मी." मग त्याने बायकोकडे पाहिलं, शाळेतला पोरगा बाईंकडे पाहतो तसं.

"जा," वहिनी म्हणाल्या. "चालवून बघा."

"तू बाहेर येऊ नकोस हं. आतच थांब."

तो ट्रक घेऊन मागच्या अंगणात गेला. इंजिन दोनदा खोकलं आणि गरजलं. टर्नर स्वयंपाकघरातच उभा राहिला.

"वहिनी, ऐकून मला घराबाहेर काढलंत तरी चालेल," तो म्हणाला आणि त्याने सगळं सांगितलं. चहा, स्क्रू, दोन वेढे.

वहिनी स्टुलावर बसून गुडघा चोळत राहिल्या.

"तो स्क्रू सैल असल्याचं यांना शर्यतीच्या सकाळीच दिसलं होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "स्वतःलाच शिव्या देत घट्ट केला. स्क्रूड्रायव्हर मीच हातात दिला."

टर्नरच्या छातीवरचा दगड उतरायला हवा होता, पण तो जागचा हलत नव्हता.

"मग गाडी का नाही वळली?"

"वळली की. नेहमीसारखी वळली."

"टर्नर!" अंगणातून हाक आली. घड्याळवाला हसत होता, इतक्या वर्षांनी, दात दिसतील असा. "अरे, ही तर पाण्यासारखी पळतेय! पुढच्या महिन्यात कुठे शर्यत आहे का बघ ना!"

वहिनींनी डोळे मिटून घेतले.

"लेक पहिलं पाऊल टाकत होती तेव्हा हे शर्यतीच्या सरावाला. तिला आकडी आली तेव्हाही सरावाला, मी एकटीने उचलून दवाखाना गाठला. रडले, भांडले, माहेरी जाऊन बसले. यांना काडीचा फरक पडला नाही." त्यांचा आवाज खाली आला. "गाडी दोरीबाहेर आलीच नव्हती, भावजी. दोरीखालून आत मीच मुद्दाम गेले होते."