तोंडी परीक्षेतलं उत्तर

बोंद्रे सर आईची व्हीलचेअर ढकलत रुग्णालयात आले आणि दाखल-खिडकीमागे बसलेल्या शाल्मलीने त्यांना लगेच ओळखलं. रुग्णालय व्यवस्थापनाच्या पदवीला ती त्यांचीच विद्यार्थिनी.

यंत्राने आजींचा श्वास तपासला. जगण्याची शक्यता पडद्यावर उमटली, एकतीस टक्के. आकडा चाळिसाच्या खाली असला की खाट मिळत नसे. नियम सरांनीच शिकवला होता.

"आकडा गेला खड्ड्यात! हाताने नोंद करून खाट दे. आई आहे गं माझी."

"सर, तोंडी परीक्षेत तुम्ही विचारलं होतंत, आकडा कमी आणि समोर तुझी आई असली तर? मी म्हटलं, खाट देईन. तुम्ही हसलात आणि मला नापास केलंत."

"अगं, ती परीक्षा होती!"

"पुढच्या वर्षी मी म्हटलं, आकडा बघेन. म्हणून तर पास होऊन इथे बसलेय."

"पोरीला चांगलं शिकवलंस रे," आजी धापा टाकत म्हणाल्या.

शाल्मलीचा हात हाताने नोंद करायच्या बटणापर्यंत गेला. पण वर्षभर घोकलेलं उत्तर आता बोटांनाही पाठ झालं होतं. मान खाली घालून तिने पुढचं नाव पुकारलं.