नवसाबाईचा हार

बारा वर्षं नाशिकच्या नाटकांत राजे रंगवणाऱ्या ज्ञानेशला अखेर पिक्चर मिळाला. तिथल्याच द्वारका चौकात फुलं विकणाऱ्या त्याच्या आईनं, नवसाबाईनं, पिक्चर सुटल्यावर थेटराबाहेर सगळ्या गल्लीसमोर लेकाच्या गळ्यात घालायला झेंडूचा टपोरा हार ओवून पिशवीत ठेवला. "आई, शेवटपर्यंत पडद्यावर दिसतो मी," तो म्हणाला होता. ते खोटं नव्हतं. हिरोच्या मेलेल्या बापाचा भिंतीवरचा फोटो ज्ञानेशचा होता. फोटोलाही झेंडूचाच हार होता. हिरोनं फोटोपुढे उदबत्ती लावताच गल्लीतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. आईशेजारी ज्ञानेश मान खाली घालून बसला. नवसाबाईनं अंधारातच पिशवीत हात घातला, दोरा तोडला आणि एकेक फूल सुटं केलं. बाहेर पडताच शेजारीण ओरडली, "नवसाबाई, हार काढा की!" "हार कुठला? सुटीच फुलं हायेत," ती म्हणाली आणि तिनं ओंजळभर फुलं लेकावरून तीनदा ओवाळून रस्त्यापलीकडे भिरकावून दिली.