खरी किंकाळी

“मी कट म्हणेपर्यंत कडी काढायची नाही, अक्का. तिने आतून कितीही ठोकलं तरी,” दिग्दर्शक यशोवर्धन अहल्याबाईंच्या कानाशी म्हणाला.

होसकोटे गावातल्या एका बंद कारखान्यात शूटिंग चाललं होतं. पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी अकरालाच अंग भाजत होतं. मधोमध माणूस मावेल एवढी लोखंडी पेटी. मावशी भाचीला तिच्यात कोंडते आणि शेजारी बसून चहा पिते, एवढाच सीन. मावशी अहल्याबाई. भाची रक्षिता, बावीस वर्षांची. हा तिचा पहिलाच मोठा रोल.

“तिला ठाऊक आहे?”

“नाही. पाच सेकंदांत उघडू असं सांगितलंय. मला तिच्याकडून तुमची ती विहिरीतली किंकाळी हवी, त्या जुन्या सिनेमातली. शंभर वेळा पाहिलीय मी. तुमचं चीज केलं नाही हो कोणी.”

अहल्याबाई सदुसष्ट वर्षांच्या होत्या. एके काळी पंधरा दिवसांत उरकणाऱ्या खूनपटांत त्या काम करायच्या. सतरा सिनेमांत त्यांचा खून झाला होता. त्या पेटीजवळ गेल्या. आत नुकत्याच मारलेल्या काळ्या रंगाचा वास भपकन नाकात गेला. मागच्या बाजूला हवेसाठी पाडलेलं भोक चिंध्या कोंबून बुजवलं होतं.

“हे कोणी केलं?”

“उजेड येत होता. अंधारात टिपणारा कॅमेरा लावलाय आत,” यशोवर्धन म्हणाला. “दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे.”

रक्षिता कोपऱ्यात केस विस्कटून घेत होती. अहल्याबाईंनी तिला बाजूला नेऊन सगळं सांगितलं.

“माहीत आहे मला. मेकअपच्या वीणाने कालच सांगितलं.”

“मग नाही म्हण. मी बोलते त्याच्याशी.”

रक्षिताने कपाळावर आणखी एक बट ओढली.

“विहिरीच्या सीनला मला म्हणाले होते, कमरेला दोर बांधलाय,” अहल्याबाई म्हणाल्या. “बांधलाच नव्हता. त्या विहिरीत ओरडले ती मी, पोरी. सिनेमातली बाई नव्हे.”

“आणि बाकीचे सोळा सिनेमे, अक्का? ते आठवतात कोणाला?”

अहल्याबाई पेटीकडे वळल्या.

शॉट सुरू झाला. रक्षिता पेटीत उतरली. अहल्याबाईंनी झाकण लावलं, कडी घातली आणि शेजारच्या खुर्चीत बसून चहाचा कप उचलला. आधी ठोकणं आलं, मोजून मापून, तालमीत ठरल्यासारखं. मग ते भराभर येऊ लागलं. मग नुसतीच नखं पत्र्यावर घासल्याचा आवाज. आणि मग किंकाळी आली. लाइट धरून उभा असलेला माणूस मान फिरवून भिंतीकडे बघू लागला. यशोवर्धनची नजर मॉनिटरवरून हलली नाही. त्याने फक्त पंजा वर धरला होता: थांबा.

अहल्याबाई थांबल्या. किंकाळी बंद झाली. मग ठोकणंही बंद झालं.

त्यांनी कप टाकला आणि कडी ओढली.

रक्षिता अर्धवट बाहेर आली. श्वास घ्यायला तोंड उघडत होती, पण श्वास आत जात नव्हता. दोन नखं मुळापासून तुटली होती. अहल्याबाईंनी तिला छातीशी धरलं, पाठ चोळली. बऱ्याच वेळाने ती खोकली आणि रडली.

“अक्का, दहा सेकंद! फक्त दहा सेकंद हवे होते अजून!” यशोवर्धन ओरडला.

रक्षिताने मान वर केली. “आलं का सर?”

“जवळजवळ. ऐन वेळी अक्कांचा हात फ्रेममध्ये आला.”

“बास,” अहल्याबाई म्हणाल्या. “आता ही आत जाणार नाही.”

रक्षिताने त्यांचा हात आपल्या पाठीवरून अलगद काढला. रक्ताळलेली बोटं फ्रॉकला पुसली, केस पुन्हा चेहऱ्यावर ओढले आणि ती पेटीत जाऊन आडवी झाली.

“या वेळी कडी दुसऱ्या कोणाला तरी लावू द्या,” ती म्हणाली, आणि हात वर करून झाकण तिने स्वतःच ओढून घेतलं.