चित्रासाठी बसलेली बाई

“तुम्ही लबाड आहात, डॉक्टरसाहेब,” ओनोरीन आवाज न चढवता म्हणाली. पॅरिसच्या वेड्यांच्या इस्पितळातून आता घरी सोडा, एवढंच तिने मागितलं होतं. उत्तर म्हणून डॉक्टरांनी भिंतीवरच्या चित्राकडे बोट केलं होतं. चित्रात तीच होती. केस पिंजारलेले, त्यांत गवताच्या काड्या, डोळे शून्यात.

“याच वसंतातलं आहे. हा चेहरा रस्त्यावर सोडू मी?”

“केस मी रोज विंचरून बांधते. तुमच्या चित्रकाराने ते सोडायला लावले. माझी गवताची गादी फाडून काड्याही त्यानेच खोचल्या. म्हणाला, बाई, अशी नीटनेटकी बसलीस तर तुला वेडी कोण म्हणेल?”

“कलावंत थोडं इकडचं तिकडे करतोच. पण ही नजर?”

“खिडकीच्या कडीकडे बघ, पापणी हलवू नकोस म्हणाला. तुम्ही बसा ना तसे दुपारपर्यंत, मग बघू तुमची नजर.”

डॉक्टर हसले. ओनोरीन हसली नाही.

“आधी त्याने इथल्याच वेड्या मार्गोला बसवलं, तर तिने रंग चाटले. मग दुसरी, झेली, रडत टेबलाखाली शिरली. तेव्हा वैतागून त्याने तुमच्याकडे असं माणूस मागितलं, जे सांगितलेलं ऐकेल आणि तासन्‌तास हलणार नाही. अख्ख्या इस्पितळातून तुम्ही मलाच उठवून पाठवलंत. मलाच का, ते आता सांगा.”