सोंगपानची वळणं

"पहिल्या रात्री अंघोळ नाही," डिंगने बजावलं. "दारू नाही, धावपळ नाही. पोरांसारखे तटावर चढायला गेलात तर डोकं असं ठणकेल की स्वतःचं नाव आठवणार नाही."

बांबूच्या खुर्च्यांवर बसलेल्या तिघांनी माना डोलावल्या. चंगदूच्या त्या चहाच्या बागेत हवा विरळ असलेल्या उंच डोंगरातल्या सोंगपान गावाची सहल ठरत होती. दोन रात्री जुन्या तटबंदीच्या आत मुक्काम, तिसऱ्या दिवशी परत. सहलीचा म्होरक्या डिंगच असणार, यात कुणाला शंका नव्हती. तरुणपणी त्या डोंगरातून लाकडांचे ट्रक खाली आणलेला माणूस त्यांच्यात दुसरा होता कोण?

डिंगची बायको सूयुन शेजारी बसून सूर्यफुलाच्या बिया खात होती. वसंत लागला तरी तिच्या डाव्या कानावरचा रुमाल काही सुटला नव्हता.

"दिएशीच्या तलावावरची ती गोष्ट सांग ना पुन्हा," एक जण म्हणाला.

डिंगला तेवढंच हवं होतं. कपावरचं झाकण सरकवून त्याने घोट घेतला. "जिएफांग ट्रक. मागे ओंडके, खाली तलाव, आणि ड्रायव्हरच्या बाजूची, डावीकडची काच चार बोटं खाली अडकलेली. वळणामागून वळण, त्यात वरून बर्फ..."

"गारा," टरफल थुंकत सूयुन म्हणाली.

"हां, गारा. ब्रेक तापून वास सुटलेला. अशा वेळी घाबरून ब्रेक दाबत बसलं की संपलं. खालचा गिअर टाकायचा आणि इंजिनालाच ट्रक आवरू द्यायचा."

"वहिनींना तर पाठच झालीय," यान म्हणाला. यान हा त्या टोळक्यातला तिरका माणूस. "किती वर्षं ऐकतायत बिचाऱ्या! पण काय रे डिंग, तू असताना माझ्या पुतण्याला ड्रायव्हर म्हणून कशाला न्यायचं? तूच चालव की गाडी."

"मोतीबिंदू," डिंग पटकन म्हणाला.

"परवा माहजोंग खेळताना माझ्या सोंगट्या बऱ्या दिसत होत्या तुला!"

सगळे खो खो हसले. डिंगही हसला आणि त्याने घाईने कप तोंडाला लावला.

खरी गोष्ट अशी की, डिंगने जन्मात ट्रकचं स्टेअरिंग हातात धरलं नव्हतं. तो लाकूडतोडीच्या तळावरचा स्वयंपाकी. मोठमोठ्या कढया उपसायचा आणि वरून आलेले ड्रायव्हर जेवताना काय काय बोलतात ते कान देऊन ऐकायचा. निवृत्तीनंतर मुलाकडे चंगदूला राहायला आला, बागेत कुणीतरी विचारलं, काय करत होता, आणि याच्या तोंडून 'ड्रायव्हर' निघून गेलं. ते निघालं ते निघालंच. आता इथे त्याची खुर्ची राखून ठेवतात, त्याचा चहा दुसराच कुणीतरी सांगतो. या वयात एवढा मान मिळाला की तो सोडवत नाही.

घरी जाताना तो म्हणाला, "सहलच नको. तब्येतीचं काहीतरी कारण सांगतो."

"मी जाणार," सूयुन म्हणाली. "आपलं लग्न त्या तळावर झालं. पुन्हा एकदा तो रस्ता पाहायचाय मला."

"आणि यानने मला स्टेअरिंगवर बसवलं तर? तोंड दाखवायला जागा राहील का?"

"मग थापा कशाला मारायच्या होत्या?"

"थापा?" डिंग रस्त्यातच थांबला. "एकूण एक गोष्ट खरी आहे. तसा ड्रायव्हर त्या रस्त्यावर दुसरा झाला नाही. लोकांना हे कळायला नको?"

सूयुनला हसू आलं. रुमाल नीट करून ती चालू लागली.

निघायच्या दिवशी सकाळी बागेच्या फाटकाशी गाडी उभी होती, पण यानचा पुतण्या नव्हता. त्याच्या बायकोला अचानक कळा सुरू झाल्या होत्या, आणि तो किल्ली काकाच्या हातात देऊन दवाखान्यात पळाला होता. बाकीचे दोघे सामान आणि प्राणवायूचे डबे सांभाळत फुटपाथवर उभे होते.

"काळजी कसली?" यानने किल्ली डिंगच्या हातावर ठेवली. "ड्रायव्हर घरचाच आहे. का रे, मोतीबिंदू सकाळी जास्त असतो का?"

किल्ली केवढीशी, पण तळहातावर जड लागत होती. त्याने एकेका मित्राकडे पाहिलं. या तिघांच्या जिवावर तर त्याची म्हातारपणाची सकाळ उजाडायची. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"ऐका," तो म्हणाला. "मी आयुष्यात कधीच..."

"पुरे तुझं. उशीर होतोय," सूयुनने किल्ली त्याच्या हातातून काढून घेतली.

नवऱ्याला घरी न्यायला निघाली, असंच सगळ्यांना वाटलं. सूयुनने गाडीभोवती एक फेरी मारली. चारही टायरना एकेक लाथ घालून पाहिली. मग पिशवीतून आपला परवाना काढून समोर ठेवला, सीट पुढे ओढली आणि स्टेअरिंगमागे बसली.

"वहिनी?" यानचं तोंड उघडंच राहिलं.

"बसा सगळे. मध्ये उगाच थांबणार नाही."

डिंग तिच्या शेजारी चढून बसला. अभिमानाने त्याचा ऊर भरून आला होता, आणि तो अभिमान आता कुणापासून लपवायची गरजही नव्हती.

सूयुनने आपल्या बाजूची काच चार बोटं खाली घेतली. डाव्या कानावरचा रुमाल घट्ट बांधला आणि गाडी सुरू केली.

"आता सांग यांना ती गोष्ट," ती म्हणाली. "आणि या खेपेला बर्फ म्हणू नकोस. गारा होत्या."