रूपरावांची पाटी

नोंदणी कार्यालयाबाहेरच्या टेबलाचा एक पाय आखूड होता. कोकिळा सहीसाठी वाकली, तसं टेबल डुगडुगलं आणि खरेदीखताखालचा दुसरा कागद पुढे सरकला. ती तो वाचू लागली.

"काय वाचून राह्यली? सही कर," तिचे यजमान रूपराव म्हणाले.

नालवाडीच्या भाड्याच्या खोल्या रूपरावांनी तिच्या नावावर घेतल्या होत्या, कारण बाईच्या नावाला मुद्रांक शुल्क कमी. भाडं तेच घेत. मालक म्हणूनही भाडेकरू त्यांनाच ओळखत. नळ गळला, की मात्र हाक कोकिळाकाकूंना.

त्या खोल्या आता विकल्या. पवनार रस्त्यावरचं नवं घर, तेही भाड्यानेच द्यायचं, मुलाच्या, सुमीतच्या नावाने घ्यायचं ठरलं होतं. पण सीएने बजावलं, जिने विकलं तिच्याच नावाने घ्या, तरच नफ्यावरचा कर वाचेल. आणि तीन वर्षं ते दुसऱ्याच्या नावावर करू नका. रूपरावांनी तोड काढली. खरेदीखत तिच्या नावाने, खाली सुमीतच्या नावाचं बक्षीसपत्र. सही आज. तारखेची जागा कोरी, तीन वर्षांनी भरायला.

"यावर नाई करत मी सही."

"काऊन? आपल्याच पोराले तर देऊन राह्यलो."

"तुमी देऊन राह्यले, का मी?"

अर्जनवीस विवेक उगाच शाईचं पॅड पुसू लागला. रूपराव त्याच्याकडे पाहून हसले. नाव नुसतं कागदावर असतं, घर पुरुषच चालवतो, असं त्यालाच समजावू लागले.

"मंग कागदावरच राहू द्या," कोकिळा म्हणाली. "तीन वर्षांनी काय कराचं, ते मी तीन वर्षांनी सांगीन. आन् भाडं माह्या हाती येईन. पटत नसन, तर खरेदीवर बी सही नाई. भरा कर."

रूपरावांचं हसू मावळलं. मग त्यांनी बक्षीसपत्र उचलून खिशात कोंबलं.

कोकिळा पुन्हा वाकली. टेबल पुन्हा डुगडुगलं.

रूपरावांच्या पायाशी कापडी पिशवी होती. नालवाडीच्या फाटकावरून काढलेली त्यांच्या नावाची पितळी पाटी तिच्यात होती. इथून थेट नव्या घरी जाऊन लावायची होती. कोकिळाने ती बाहेर काढली, अक्षरं जमिनीकडे करून आखूड पायाखाली सरकवली आणि टेबल तळव्याने दाबून पाहिलं.

हललं नाही.

तिने पेन उचललं.