जपानी बाजू

गहिनीनाथने रेकॉर्डवर सुई टेकवली आणि टेकाडावरच्या भोंग्यातून बासरीचा एक लांब, फाटका सूर निघाला. पाझर तलावाच्या खड्ड्यातली माणसं पाट्या टाकून बांधाआड पळाली. सुरुंगवाला छगन तेवढा उलटा खड्ड्याकडे निघाला होता. तो जाता जाता थांबला.

"आज रशियाचं रडगानं न्हाई व्हय रं?"

"त्याला चरा गेलाय तात्या. सुई जागची हलंना. उलटी बाजू लावलीय, जपानी."

"वाजतीया न्हवं? मग झालं." छगन वाती पेटवायला खाली उतरला.

आधी या भोंग्यावर सिनेमातली गाणी लागायची. पण सुरुंगाची वेळ झाली तरी बाया पळायचं सोडून ऐकत उभ्या राहायच्या. मग नगरच्या जुन्या बाजारातून आणलेल्या ढिगात गहिनीनाथला ही रेकॉर्ड सापडली. एका बाजूला कुणी झाबेलिन, दुसऱ्या बाजूला कुणी मुरासे, असं ओव्हरसियरने वाचून सांगितलं. आधुनिक संगीत आहे म्हणाला; दोघांचीही नावं आपण कधी ऐकलेली नाहीत, हेही म्हणाला. झाबेलिनची व्हायोलिनं एकदम किंचाळायला लागली तशा बाया कानांवर हात ठेवून धावत सुटल्या. मुकादमाने त्याच दिवशी कायदा करून टाकला, हे वाजतंय तोवर कुणी खड्ड्यात उतरायचं नाही, थांबलं की उतरायचं. त्या रशियन माणसाने हे रचताना किती रक्त आटवलं असेल कुणास ठाऊक. बाहत्तरच्या दुष्काळात पाथर्डीकडच्या माळावर त्याची कदर झाली ती ही अशी.

जपानी बाजू मात्र कुणीच ऐकली नव्हती. गहिनीनाथनेसुद्धा.

पहिला बार उडाला. मग दुसरा, पाठोपाठ तिसरा. धुरळा टेकाडापर्यंत आला. बासरी चालूच होती. मधूनच कुणी लाकडावर लाकूड आपटल्यासारखा आवाज येई. गहिनीनाथला ते काही वाईट वाटलं नाही. रात्री एकट्याने ऐकू नये असं काहीतरी होतं खरं.

आणि बासरी थांबली.

गहिनीनाथने रेकॉर्डकडे पाहिलं. ती फिरत होती. सुई मधोमध होती, शेवटाला अजून बोटभर जागा होती. गाणं संपलं नव्हतं. गाण्यातच मध्ये एक शांतता भरलेली होती.

बांधाआडून डोकी वर आली. आधी दोन, मग रांगच्या रांग. मजुरी मापावर होती आणि सुरुंगाने सुटे झालेले दगड जो पहिला जाईल त्याच्या हाती लागतात, म्हणून बाया नेहमीच घाई करायच्या. सगळ्यांच्या पुढे हिरवं लुगडं होतं. ती मनकर्णा होती, त्याची बायको. सहावा महिना लागलेला, तरी पुढेच.

"आगं मागं फिर! मनकर्णे, मागं फिर!"

वारा तोंडावर होता. माईक जळून आठवडा झाला होता. खाली छगन खडकामागे डोकं गुडघ्यात घालून बसलेला, उरलेले बार मोजत. मनकर्णा दरडीवरून खाली पाय टाकत होती. टेकाड उतरून धावायचं म्हटलं तरी गहिनीनाथ पोचणार नव्हता.

त्याने सुईवर बोट दाबलं आणि रेकॉर्डवर आडवं फरफटलं.

भोंग्यातून जे निघालं ते कुणाच्या बापाने ऐकलं नसेल. ख्यार्र करून सगळा माळ चिरत गेलं. मनकर्णा जागच्या जागी खाली बसली. मागच्या बाया किंचाळत बांधाकडे पळाल्या. त्यांच्यातल्या गोजरबाईने मनकर्णाला दंडाला धरून मागे ओढलं, आणि त्याच क्षणी खड्ड्यात पुढचा बार उडाला. ती बसली होती तिथे पाट्याएवढा दगड येऊन पडला.

गहिनीनाथला ते दिसलं, तरी त्याचं बोट थांबेना. तो घासतच राहिला, पुढे, मागे, पुढे. थांबलो तर त्या पुन्हा उठतील, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. छगन टेकाड चढून वर आला आणि त्याने गहिनीनाथचं मनगट धरलं तेव्हा कुठे भोंगा बंद झाला.

"आरं, मोजू तरी दे की बार!" छगनचा चेहरा पांढरा पडला होता. "सात भरल्याती. पाच ऐकल्याती म्या. फुडचं समदं तुज्या खरखरीत गेलं."

"म्हंजी?"

"म्हंजी खाली एखांदा जित्ता आसंल. नसंल बी. वात भिजली असली तर कवा बी उडंल. तास-दीड तास खाली कुनी जायचं न्हाई."

बांधाआड आता कुणी डोकं वर काढत नव्हतं. मनकर्णा तेवढी टेकाडाच्या पायथ्याशी आली होती. तिचा एक हात पोटावर होता.

"आवं, लावा ते परत," ती म्हणाली. "वाजतं हाय तवर कुनी उतरायचं न्हाई. पर ह्या खेपंला मदी थांबलं तरी बसा म्हनावं. म्या सांगते समद्यांस्नी."

रेकॉर्डवर आडवा ओरखडा पडला होता. गहिनीनाथने सुई पहिल्यापासून टेकवली. बासरी सुरू झाली, ओरखड्यावर टकटक करत पुढे गेली. तीन-चारशे माणसं बांधाला पाठ लावून ऐकत होती. कुणी तंबाखू मळली नाही, कुणी कामावर मिळालेल्या सुकडीचा डबा उघडला नाही.

मग ती शांतता आली. कुणी हललं नाही. कुठेतरी एक तान्हं रडायला लागलं, तर त्याच्या आईने पटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला.